प्रश्न कोणाला विचारावा?

उज्जैन शहराच्या उत्तरेस, क्षिप्रेच्या काठी, कालियादेह महालाच्या परिसरात बावन कुंड नावाचे स्थान आहे. माळव्याच्या पंचांगाप्रमाणे चैत्राच्या, आणि आपल्या पंचांगाप्रमाणे फाल्गुनाच्या अमावास्येस तेथे मोठी गर्दी लोटते. या अमावास्येला तिकडे ‘भूतडी अमावस’ असेच नाव आहे. ज्यांना बाधा झाली असे समजले जाते त्यांना गावोगावांहून तेथे आणून कुंडाच्या पाण्यात स्नान घालण्यात येते. त्यांत स्त्रिया पुष्कळ असतात. केस मोकळे सोडून घुमणारी स्त्री, तिला धरून उभे असलेले नातलग आणि समोर मांत्रिक, हे अशा स्थानांवरील नेहमीचे दृश्य होय. ‘तू कोण? कोठून आलास? हिला केव्हा सोडशील?’ असे मांत्रिक विचारतो. हे सर्व प्रश्न भुताला उद्देशून असतात. त्या स्त्रीला मात्र कोणी काही विचारीत नाही. तिची पाळी चुकते आहे काय, बाळंतपणानंतर तिची झोप उडाली काय, तिला मूल हवे आहे काय, घरात कोणी तिच्यावर जबरदस्ती केली काय, हे प्रश्न त्या गर्दीत कोणाला सुचतच नाहीत.

हे दृश्य पुढे ठेवून इतरांच्या अंधश्रद्धेवर एक प्रवचन रचणे फार सोपे आहे. तो या लेखाचा हेतू नाही. रोग्याशी बोलण्याऐवजी त्याच्याविषयी दुसऱ्याच कोणाशी बोलत राहणे ही काही बावन कुंडाची मिरास नव्हे. इस्पितळात डॉक्टर रोग्याच्या भावाला विचारतात, कायदा पालकाला विचारतो आणि आपल्या मंडळीत विवाह ठरविताना पाळक वधूच्या वडिलांना विचारतात. मनोरुग्णाचे शरीर, त्याचा विवाह आणि त्याची संतती या तीन बाबतींत आपण आजवर कोणाला प्रश्न विचारीत आलो, याचे परीक्षण आम्ही येथे करू इच्छितो. प्रश्न भलत्यालाच विचारला जातो म्हणून उत्तरही भलतेच मिळते, आणि ही चूक सुधारण्याचे काम प्रथम मंडळीच्या सेवकांचे आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आरंभ आपल्या व्यासपीठापासून करणे योग्य होईल. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील गरसेकरांच्या प्रदेशातील माणसाची कथा आपण वारंवार सांगतो. परंतु आपली बहुतेक प्रवचने डुकरांच्या कळपापाशी येऊन संपतात. सैन्य निघून गेले, कळप समुद्रात बुडाला, प्रभूचे सामर्थ्य प्रकट झाले. एवढे सांगून उपदेशक खाली बसतो. शास्त्र मात्र तेथे थांबत नाही. तो मनुष्य वस्त्र नेसलेला व शुद्धीवर आलेला असा बसलेला लोकांना दिसतो. आता तो स्वतःच्या तोंडाने बोलतो आणि येशूबरोबर राहण्याची विनंती करतो. ती विनंती मान्य होत नाही. पण ती ऐकली जाते आणि तिला उत्तर मिळते. त्याने आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जावे असे त्याला सांगण्यात येते. कबरांमध्ये राहणाऱ्या माणसाला प्रभूने घर परत दिले. घर म्हटले म्हणजे चूल आली, अंथरूण आले, पत्नी किंवा पती आला, मुलेबाळे आली. तो मनुष्य विवाहित होता की नाही हे शास्त्र सांगत नाही आणि आम्हीही त्यावर तर्क करीत नाही. परंतु जो उपदेशक या कथेतील घराचा उल्लेख गाळतो, तो अर्धीच कथा सांगतो, हे निश्चित.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मत्तयाच्या चौथ्या अध्यायाच्या चोविसाव्या वचनात भूतग्रस्त, फेफरेकरी आणि पक्षघाती यांचा निर्देश वेगवेगळा केला आहे. रोग आणि बाधा यांत भेद आहे हे शुभवर्तमानकारांना ठाऊक होते. तेव्हा प्रत्येक मनोविकारास बाधा ठरवून गोळ्या फेकून देण्यास सांगणारी प्रार्थनासभा शास्त्राला धरून आहे, असे म्हणता येणार नाही.

आता शरीराविषयी. मनोविकारावर औषध घेणाऱ्या माणसाला लैंगिक जीवन नसते किंवा नसावे, अशी एक अबोल समजूत आपल्यात आहे. तिच्यामुळे ज्या गोष्टी सांगावयास हव्यात त्या सांगितल्या जात नाहीत. छिन्नमनस्कतेवरील रिस्पेरिडोनसारख्या काही औषधांनी रक्तातील प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते. त्यामुळे स्त्रीची पाळी थांबू शकते, क्वचित स्तनांतून दूधही येते. अशा वेळी घरात दोनच अर्थ काढले जातात. एकतर दिवस गेले किंवा ती कायमची वांझ झाली. दोन्ही खोटे असू शकतात. उलट, पाळी येत नाही म्हणून गर्भ राहणारच नाही असे समजून स्त्री निर्धास्त राहते आणि गर्भ राहिल्याचे फार उशिरा कळते. पुरुषांच्या बाबतीत काही औषधांनी कामेच्छा मंदावते किंवा संभोगात अडथळा येतो. पुरुष हे कोणाजवळ बोलत नाही. तो गुपचूप गोळ्या बंद करतो, काही आठवड्यांत आजार उलटतो आणि पाळकाच्या कानावर फक्त नवराबायकोच्या भांडणाची तक्रार येते. डोस कमी करून किंवा औषध बदलून पुष्कळदा मार्ग निघतो. पण त्यासाठी कोणीतरी विचारावे आणि त्याने सांगावे लागते.

गरोदरपणाच्या बाबतीत हे मौन अधिक महागात पडते. सोडियम व्हॅल्प्रोएट हे औषध मनाच्या चढउतारांच्या विकारात व फेफऱ्यातही दिले जाते. ते गरोदरपणी चालू राहिल्यास जन्मणाऱ्या शंभर बालकांपैकी सुमारे दहांत मोठे शारीरिक व्यंग आढळते. शिवाय बौद्धिक वाढीवरही परिणाम होऊ शकतो. म्हणून मूल होण्याच्या वयातील स्त्रीला हे औषध शक्यतो देऊ नये, असे आज वैद्यकशास्त्र सांगते. कार्बामाझेपीन या दुसऱ्या औषधाने गर्भनिरोधक गोळीचा प्रभाव कमी होतो. याच्या उलट, दिवस गेल्याचे कळताच घाबरून सर्व औषधे एकदम बंद करणे हेही धोक्याचे आहे. कारण आजार उलटल्यास आई आणि गर्भ दोघांचेही हाल होतात. सुरक्षित औषध निवडता येते, पण त्याचा विचार गर्भधारणेपूर्वी व्हावा लागतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत, हजार बाळंतिणींपैकी एक किंवा दोघींना तीव्र मनोविकार जडतो. झोप उडते, भलतेसलते भास होतात, बाळाविषयी भयंकर कल्पना मनात येतात. ‘बाळंतिणीला बाहेरचे लागले’ असे म्हणून या दिवसांत अंगारेधुपारे किंवा उपासप्रार्थना यांतच वेळ घालविला तर आईचा किंवा बाळाचा प्राण जाऊ शकतो. वास्तविक हा आजार उपचाराने चांगला बरा होतो. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेत २००९ पासून आई व तान्हे बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही, इस्पितळात असलेल्या आईपासून तिच्या तीन वर्षांखालील मुलाची एरवी ताटातूट करू नये असा नियम घातला आहे.

यानंतर विवाह. आपल्या मंडळ्यांत घडणारा क्रम वाचकांच्या परिचयाचा आहे. मुलीला कॉलेजात असताना आजार होतो, उपचाराने ती सावरते. ‘लग्न झाले म्हणजे डोके ठिकाणावर येईल’ असे घरचे म्हणतात. स्थळ येते. वरपक्षाला काही सांगितले जात नाही. पाळकाला ठाऊक असते, पण तोही गप्प राहतो. तीन रविवारी विवाहाची घोषणा होते. सासरी कोणी पाहू नये म्हणून मुलगी गोळ्या घेत नाही. दोनतीन महिन्यांत आजार उलटतो आणि फसवणूक झाली म्हणून तिला माहेरी आणून सोडतात. मुलगा आजारी असला तर एवढाच फरक की सून माहेरी पाठविली जात नाही. तिने सेवा करीत राहावे अशी अपेक्षा असते.

या क्रमात अनेकांना प्रश्न विचारले गेले; पण त्या मुलीला कोणी विचारले नाही. तुला विवाह हवा आहे काय? आजाराविषयी त्यांना काय सांगावे असे तुला वाटते? तू सांगशील की आम्ही तुझ्यासोबत बसून सांगू? विवाहविधीत वेदीपुढे आपण तिची संमती विचारतो, पण तोवर सर्व काही ठरून गेलेले असते. संमती हा विवाहाचा प्राण आहे असे आपले ईशविज्ञान सांगते. तर मग तिचा शोध वेदीपुढेच का सुरू व्हावा?

येथे दुसऱ्या टोकाचीही चूक होते. आजाराचे नाव ऐकताच काही सेवक विवाहच अशक्य ठरवितात. ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात विवाहाच्या वेळी वेडसर असणे हे विवाह रद्द ठरविण्याचे कारण आहे, आणि २००१ च्या दुरुस्तीनंतर सतत दोन वर्षे असाध्य मनोविकृती हे घटस्फोटाचे कारण आहे. रोमन कॅथोलिक सभेच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील १०९५ वा नियमही मानसिक कारणांनी येणाऱ्या असमर्थतेविषयी बोलतो. परंतु यांपैकी कोणताही नियम केवळ निदानाच्या नावावर समाधान मानीत नाही. १९८८ साली रामनारायण गुप्ता यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदू विवाह कायद्यासंबंधी हेच स्पष्ट केले की छिन्नमनस्कता हे नाव पुरेसे नाही. विकार किती तीव्र आहे आणि सहजीवन त्यामुळे अशक्य झाले आहे काय, हे पाहिले पाहिजे. न्यायालय जेवढी चौकशी करते तेवढीही न करता आपण निकाल द्यावा, हे शोभत नाही.

तिसरी बाब अपत्याची. उज्जैनच्या कुंडावर जे अंधारात घडते ते प्रकाशातील आधुनिक संस्थांत घडत नाही, असे कोणी समजू नये. १९९४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात, शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुली व स्त्रिया यांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढण्यात आली. मतिमंदत्व आणि मनोविकार या दोन भिन्न अवस्था आहेत; तथापि त्या मुलींच्या बाबतीत जी विचारसरणी वापरली गेली ती मनोरुग्णांनाही लागू केली जाते. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे कारण देण्यात आले. महाराष्ट्रात मोठा निषेध झाला आणि शस्त्रक्रिया थांबविण्यात आल्या. त्या मुलींना पुरेशी कपडे व पाणी मिळत होते काय, त्यांना शिकविणाऱ्या सेविका किती होत्या, आणि गर्भाशय काढल्याने अत्याचारापासून त्यांचे रक्षण कसे होणार होते, हे प्रश्न तेव्हा स्त्रीसंघटनांनी विचारले. ते मंडळीने विचारावयास हवे होते. येथून जवळच केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी मुक्ति मिशनमध्ये समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन आणि अंध स्त्रियांसाठी बार्तमय सदन उभे केले होते, याचे स्मरण येथे झाल्यावाचून राहत नाही. ज्या बार्तमयाचे नाव त्या सदनाला दिले तो आंधळा आहे हे सर्वांना दिसत होते. तरीही, तुझ्यासाठी काय करावे, असे प्रभूने त्याला विचारूनच घेतले.

मंडळीचा हा इतिहास निष्कलंक नाही. जर्मनीतील प्रॉटेस्टंट सेवाकार्याच्या, म्हणजे इनर मिशनच्या, तज्ज्ञमंडळाने १९३१ साली ट्रायसा येथील परिषदेत वंशसुधारणेच्या हेतूने केलेल्या निर्बीजीकरणास अनुकूलता दर्शविली होती. ते ऐच्छिक असावे असे त्यांचे मत होते. दोन वर्षांनी, १९३३ च्या जुलैत, नाझी राजवटीने सक्तीचा कायदा केला आणि त्याखाली सुमारे चार लाख लोकांचे निर्बीजीकरण झाले. त्यांत मनोरुग्णांचा भरणा मोठा होता. ती परिषद भरविणारे दुष्ट नव्हते. ते रोग्यांची सेवा करणारे लोक होते. परंतु रोग्यांविषयी ते आपसांत बोलले, रोग्यांशी बोलले नाहीत. या उदाहरणाचा आपणांस धाक वाटला पाहिजे. यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायात परमेश्वर षंढांना आपल्या मंदिरात मुलांमुलींहून थोर नाव देण्याचे अभिवचन देतो. ते अभिवचन माणसांनी केलेल्या जखमेवरचे सांत्वन आहे, जखम करण्याचा परवाना नव्हे.

आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न २००९ साली हाताळला. चंडीगढच्या शासकीय आश्रयगृहातील एका अनाथ, सौम्य मतिमंद तरुणीवर बलात्कार होऊन ती गरोदर राहिली. तिच्या हिताचे म्हणून उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. तिला मात्र मूल हवे होते आणि तिने ते तज्ज्ञांजवळ सांगितलेही होते. सुचिता श्रीवास्तव यांच्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मूल व्हावे की न व्हावे हे ठरविणे घटनेच्या एकविसाव्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले.

या निकालाचे आम्ही स्वागत करतो. परंतु त्यात एक उणीव आहे, ती दाखविणे आवश्यक आहे. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यात ‘मानसिक रोगी’ स्त्रीच्या वतीने पालकाची लेखी संमती पुरेशी मानली आहे, आणि २००२ च्या दुरुस्तीने मतिमंद स्त्रीला त्या व्याख्येतून वगळले आहे. न्यायालयाने याच भेदाचा आधार घेऊन त्या तरुणीचा हक्क राखला. म्हणजे मतिमंद स्त्रीसाठी उघडलेले दार मनोरुग्ण स्त्रीपुढे बंदच राहिले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने पुढचे पाऊल टाकले. मनोविकार आहे एवढ्यावरून मनुष्य विवेकहीन ठरत नाही, असे तो सांगतो. बरे असताना आपल्या उपचाराविषयी आगाऊ लेखी सूचना देण्याचा हक्क तो देतो. आणि मनोविकारावरील उपचार म्हणून निर्बीजीकरण करण्यास मनाई करतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय क्रिया त्या व्यक्तीच्या मुक्त व समजून दिलेल्या संमतीवाचून करता येत नाही. तथापि गर्भपात कायद्याची २०२१ साली पुन्हा दुरुस्ती झाली तेव्हाही पालकाच्या संमतीचे कलम जसेच्या तसे राहिले. एक कायदा रोग्याला विचारा म्हणतो आणि दुसरा त्याच्या पालकाला विचारा म्हणतो. गर्भपाताविषयी आपल्या मंडळ्यांत मतभेद आहेत आणि ते येथे मिटणार नाहीत. परंतु आईला न विचारता तिच्या उदरातील जिवाचा निर्णय व्हावा, हे कोणत्याही पक्षाला मान्य होण्यासारखे नाही.

यावर आक्षेप येतील आणि ते वजनदार आहेत. थकलेली आई म्हणते, मुलगी रस्त्यावर निघून जाते, तिला कोणी हात लावला तर? मूल झाले तर ते कोण वाढविणार? ही भीती खरी आहे. दर बारा वर्षांनी भरणाऱ्या सिंहस्थाला लाखो लोक येतात, अशा तीर्थक्षेत्री बेवारस मनोरुग्ण स्त्रीची काय अवस्था होते हे सांगण्याची गरज नाही; उज्जैनजवळ अंबोदिया येथील सेवाधाम आश्रमासारख्या संस्थांना अशा निराधारांचा भार वाहावा लागतो. परंतु अत्याचाराचे उत्तर अत्याचार करणाऱ्याला आवर घालणे हे आहे. गर्भाशय काढल्याने फक्त अत्याचाराचा पुरावा नाहीसा होतो. आणि मूल कोण वाढविणार, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच तर मंडळी आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी उभी राहून आपण सर्वांनी जे वचन दिलेले असते ते केवळ सुदृढ आईच्या बालकापुरते नसते.

दुसरा आक्षेप असा की, तीव्र आजारात रोग्याला विचारून काय उपयोग? खरे आहे; त्या घटकेला नसेलही. परंतु मनोविकार बहुधा ओहोटी-भरतीप्रमाणे असतो. आज ज्याला समजत नाही त्याला महिन्याने समजते. जो पैशाचा व्यवहार करू शकत नाही त्याला आपल्याला मूल हवे की नको हे सांगता येते. म्हणून थांबावे, सोप्या शब्दांत विचारावे, पुन्हा विचारावे, आणि बरे दिवस असतील तेव्हा सांगितलेले लिहून ठेवावे. गरसेकराप्रमाणे प्रत्येक विनंती पुरी होईलच असे नाही. परंतु न विचारलेल्या माणसाला नाही म्हणणे आणि ऐकून घेऊन नाही म्हणणे यांत मोठे अंतर आहे.

तेव्हा सेवकांनी काय करावे? विवाहापूर्वीच्या शिकवणीत वधू आणि वर यांना निरनिराळे, नातलगांवाचून भेटावे. आजार लपवू नये असे सांगावे, परंतु दुसऱ्याचे गुपित आपण होऊन उघड करू नये. ज्याचा आजार त्याने सांगावा आणि आपण त्याच्या शेजारी बसावे. औषध चालू असलेल्या दांपत्याला मूल होण्याआधी डॉक्टरांना भेटण्यास सांगावे. प्रार्थना करावी, पण गोळी बंद करण्यास कधीही सांगू नये. बाळंतिणीच्या भेटीला गेल्यावर बाळाला आशीर्वाद देऊन परत न फिरता आईला झोप येते काय हे विचारावे. स्त्रियांशी हे बोलण्यासाठी कॅटेकिस्ट भगिनींना तयार करावे. उज्जैनच्या कुटुंबाला इंदूरचे बाणगंगा मानसिक रुग्णालय दूर नाही. आणि जेथे डॉक्टर जवळ नाही तेथे शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनीसेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे. हा क्रमांक मंडळीच्या सूचनाफलकावर लावावा.

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात रानातील रस्त्याने जाणारा कूशी षंढ पाणी दिसताच फिलिप्पाला स्वतःच विचारतो की, त्याच्या बाप्तिस्म्याला काय अडचण आहे. ज्याच्या शरीराविषयीचा निर्णय इतरांनी केव्हाच घेऊन टाकला होता, त्याने येथे आपला प्रश्न आपण विचारला, आणि फिलिप्प त्याच्याबरोबर पाण्यात उतरला. पुढल्या अमावास्येस क्षिप्रेच्या काठी पुन्हा गर्दी जमेल. आपल्या मंडळीतीलही एखादे घाबरलेले कुटुंब त्या गर्दीत असेल, किंवा आपल्याच एखाद्या प्रार्थनासभेत बसलेले असेल. त्या वेळी आपण त्या स्त्रीच्या समोर बसून, तिचे नाव घेऊन, तिलाच विचारू काय, की बाई, तुझे काय म्हणणे आहे?